बरणीतल्या तारा

एसएमपीएस हातात आला की ते आधी त्याचं वजन करायचे. तराजूवर नाही, डाव्या तळहातावर. डोळे अर्धे मिटून हात दोनदा वर-खाली करायचे. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा हा विटेएवढा पत्र्याचा डबा. विकत घेताना त्याच्याकडे कुणी बघत नाही. ते मात्र पेटी उघडली की पहिला तोच बाहेर काढायचे, तोलायचे आणि गिऱ्हाइकाकडे बघून म्हणायचे, "हलकं हाय."

त्यांचा सूर असा असायचा, की गिऱ्हाइकाला वाटावं, हे आपल्या घराण्याबद्दलच बोलले.

बोईसरहून सरावलीकडे जाताना झेरॉक्सचं दुकान आणि सलून यांच्या मधला पत्र्याचा गाळा त्यांचा होता. पाटी नव्हती. तुम्ही त्या भागातले असाल, तर त्यांना पाहिलं नसलं तरी ऐकलं नक्की असेल. पलीकडच्या सलूनवाल्याने एकदा माझ्यादेखत गालावरचा वस्तरा उचलून धरला आणि खुर्चीतल्या माणसाला सांगितलं, "दो मिनिट रुको, काका चालू हो गये. हात हिलता है मेरा."

वय साठीच्या आतबाहेर. किनाऱ्यावरच्या गावचा जन्म, औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, त्यानंतर हा गाळा. पेटीचं झाकण काढलं की मशीन कुठून आलं ते सांगायचे. स्क्रूंना गंज असेल तर, "नवापूर का?" कार्डाचे सोनेरी दात काळे पडले असतील तर, "कंपनीच्या भिंतीला लागून राहता." आत तांबडी धूळ असेल तर मासवण, मनोर. काळे दात शाळेच्या खोडरबराने घासून स्वच्छ करायचे. घासता घासता त्या हवेला शिव्या द्यायचे, मग ती हवा सोडणाऱ्यांना, मग ती मुकाट ओढणाऱ्यांना. शेवटच्या गटात गिऱ्हाईक यायचं.

मी पालघरला जिल्हा वार्ताहर आहे. पेपरला बातमीबरोबर व्हिडिओही लागू लागला, तेव्हा आमच्या कचेरीत ग्राफिक्स कार्ड असलेला एक डेस्कटॉप आला. व्हिडिओ तयार होत असताना मध्येच तो बंद पडायचा. पालघरच्या दोन दुकानांनी कार्ड गेलं म्हणून सांगितलं. तिसऱ्याने हा पत्ता दिला आणि बजावलं, "माणूस पक्का आहे. पण शिव्या खाऊन यायची तयारी ठेवा."

"काय होतं?" त्यांनी विचारलं.

"अचानक बंद पडतो."

"अचानक काय पडत नाय. तवा काय करत होता?"

"व्हिडिओ बनवत होतो."

"सुरू केल्यापासून किती मिनिटांनी पडतो?"

"मोजलं नाही."

"पंखे जोरात फिरून पडतो का गपचूप?"

"लक्ष नाही दिलं."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "पेपरवाले ना तुमी? मग दुसऱ्यांना काय विचारता?"

कार्ड काढून त्यांनी आमचं मशीन चालवलं. ते मुकाट चाललं. पालघरच्या दोघांनी इथेच थांबून कार्डावर खापर फोडलं होतं. यांनी तेच कार्ड आपल्या मशीनमध्ये बसवलं, स्क्रीनवर एक फिरतं चित्र लावलं आणि जेवून आले. तासाभराने चित्र फिरतच होतं. मग कार्ड परत आमच्या मशीनमध्ये लावून मल्टिमीटरची सुई पिवळ्या वायरीला टेकवली. मशीन शांत असताना बारा व्होल्ट. चित्र फिरू लागलं तसा आकडा खाली आला, अकराच्याही खाली गेला आणि पडदा काळा झाला.

"कार्ड आजारी नाय, उपाशी हाय," ते म्हणाले. "डब्यावर पाचशे छापलंय. आत दोनशेचा जीव. छापणारा चोर, विकणारा चोर आणि कार्ड बदला सांगणारे दोघं आंधळे. रोग रेड्याला नि औषध पखालीला."

मला त्याच दिवशी एक व्हिडिओ पाठवायचा होता. मी म्हणालो, "आजच्यापुरतं काहीतरी जुगाड करून चालू करून द्या."

फळीवरून लोणच्याची काचेची बरणी काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. आत तांब्याच्या वायरींचे तुकडे होते, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, अर्धी केसांची पिन, एक खिळा आणि प्लगच्या कापून टाकलेल्या अर्थिंगच्या पितळी पिना. फ्यूजच्या जागी लोकांनी जे जे घातलं होतं, ते सगळं त्यांनी मशीनमधून काढून तिथे जमवलं होतं.

"हे बोईसरचं लोणचं," ते म्हणाले. "घ्या, चाखा. तुमीपण आजच्यापुरतंच मागताय. हे सगळं आजच्यापुरतंच होतं."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. बोईसरमध्ये घरटी एक इलेक्ट्रिशियन आहे. नसेल तर मेव्हणा तरी असतोच. कारखान्यात राबून माणसं हुशार होतात, आणि कारखान्यातली एक खोड घरी घेऊन येतात. यंत्राला धोका वाटला की त्यातला एखादा स्विच वीज तोडतो. उत्पादन थांबतं. मग त्या स्विचच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडतात, म्हणजे यंत्राला वाटतं सगळं ठीक आहे. याला जंपर म्हणतात. मिक्सरला जंपर, पाण्याच्या मोटारीला जंपर, कॉम्प्युटरला जंपर. जो जंपर मारतो त्याला घरात मान मिळतो.

"बंद पडतंय ते वाचवतंय," ही त्यांची दुसरी नेहमीची ओळ. "आधी विचारायचं, का बंद पडलं. चालू कसं करायचं ते मागून."

त्या दिवशी माझा व्हिडिओ गेला नाही. दोन दिवसांनी मशीन परत मिळालं. तेव्हापासून ते एकदाही बंद पडलेलं नाही. मी अधूनमधून काम काढून गाळ्यावर जाऊ लागलो. ओरडा खाण्यातही एक शिस्त असते, तिची सवय लागते.

एकदा त्यांनी खणातून कागद काढून पुढे ठेवला. माझ्याच पेपरचं कात्रण, पिवळं पडलेलं. चार ओळींची बातमी: वसाहतीतल्या कारखान्यात शॉर्टसर्किटमुळे दुर्घटना, एका कामगाराचा मृत्यू.

"ही तुमची?"

माझी होती. सात वर्षांपूर्वीची.

"कुठून कुठे?"

"काय?"

"शॉर्टसर्किट. कुठून कुठे? कुठल्या दोन वायरी? तुमी लिवलंय ना?"

मी म्हणालो, कारखान्याच्या मॅनेजरने फोनवर सांगितलं तेच लिहिलं. त्यांनी कात्रण उचलून खणात टाकलं. "माझ्याकडं येणारा गिऱ्हाईकपण हेच करतो. कुणीतरी सांगितलं, कार्ड गेलं. हा येऊन मला सांगतो, कार्ड गेलं."

मला राग आला. चार ओळींसाठी इतक्या वर्षांनी जाब विचारणारा हा कोण, असं वाटलं. पुढचे दोन महिने मी तिकडे फिरकलो नाही. हेही नोंदवायला हवं.

परत गेलो तेव्हा गाळ्यात एक मुलगी होती. मासवणकडची. नाव वनिता. बापाची डोंगराच्या अंगाची थोडी जमीन, पाऊस पडला तर पिकणारी. बाकीचं वर्ष तो कारखान्यात हेल्पर होता. त्या चार ओळींतला 'एक कामगार' तोच. वनिता तेव्हा दहावीत होती. पुढे तिने ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. कारखान्यांच्या पाइपलाइनींचे नकाशे कॉम्प्युटरवर उभे करायचे, ते फिरवून चहूबाजूंनी दाखवायचे, हे तिचं काम. पालघरच्या एका कन्सल्टंटने तिला घरी बसून करायला एक नमुना दिला होता. तो वेळेत आणि नीट झाला तर कायमची नोकरी. हे चित्र फिरवायला ग्राफिक्स कार्ड लागतं. तिचं मशीन हे स्वतः जुळवून देत होते.

"बाबांबरोबर होते ते कंपनीत," तिने मला सांगितलं. तिला एवढंच ठाऊक होतं.

त्या मशीनमधला एसएमपीएस त्यांनी माझ्या हातात तोलायला दिला. मनगट खाली गेलं. ते चक्क हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते एवढ्या एका वेळी.

पावसाळा संपल्यावरची गोष्ट. मी गाळ्यात असताना वनिताचा फोन आला. नमुना द्यायला चार दिवस उरले होते. चित्र फिरवलं की पडद्यावर रेघा येतात आणि मशीन बंद पडतं. आता तर जळका वासही येतो.

"प्लग काढ," ते म्हणाले. "बटण नाय, प्लग. आणि हात लावू नको, आमी येतो."

माझ्या मोटरसायकलवर आम्ही मासवणला गेलो. त्यांनी सोबत एक एसएमपीएस घेतला होता, तो वाटभर मांडीवर धरून बसले. घरात वनिता होती, तिची आई होती आणि वसाहतीत इलेक्ट्रिशियन असलेला तिचा मामा होता. मामाने आल्या आल्या सांगून टाकलं, "कार्ड गेलंय काका, मी बगितलं."

त्यांनी डबा बाहेर काढला, वजन न करताच त्याचे चार स्क्रू उघडले आणि आत बघितलं.

"ही निळी टिकली कोणी कापली?"

वीज प्रमाणाबाहेर वाढली की स्वतः जळून पुढचं वाचवणारा एक बटणाएवढा निळा भाग या डब्यात असतो. त्याच्या जागी आता दोन कापलेली टोकं होती. फ्यूजच्या जागी तांब्याची तार होती.

"मीच," मामा म्हणाला. त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, थोडा अभिमानच होता. "पंधरा दिवसांपूर्वी फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोपण उडाला. ती टिकली शॉर्ट होती, तोडली. तार मारली. चालू झाला की लगेच! पोरीचं काम अडलं होतं ना."

"फ्यूज का उडाला, विचारलं?"

"उडतात की फ्यूज."

त्यांनी घरातल्या बोर्डात मीटरच्या सुया घातल्या. आकडा बघून वनिताला जवळ बोलावलं, तिलाही दाखवला. दोनशे तीसच्या जागी तीनशेच्या वर. मग तो खाली आला, पुन्हा वर गेला. बाहेर खांबावरची न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, वायर सुटत आली होती, म्हणून दाब असा उसळत होता. निळी टिकली जळून तेच सांगत होती. ती तोडल्यावर आतले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर फुगले, वीज पुरेना, आणि मशीन पुन्हा बंद पडून तेच सांगू लागलं.

मग ते ओरडले. त्यांचं ओरडणं मी पुष्कळ ऐकलं होतं. हे निराळं होतं.

"चालू झाला लगेच! सगळ्यांना चालू झालेला पायजे! ते बोंबलून सांगतंय, मी मरतोय, मला थांबू द्या, आणि तू त्याचं तोंड बांदतोस? पोरगी समोर बसते त्याच्या! तुला काय वाटतं, तार मारणारा मोठा कारागीर? मीपण होतो मोठा कारागीर. अशीच तार मीपण मारली. असाच दोन टोकांना जंपर मारला आणि तिचा बाप मारला!"

आईच्या हातात आमच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता, तो तिने धरूनच ठेवला.

वनिताने विचारलं. रडून नाही, ओरडून नाही.

"कुठल्या लाइनवर?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटतं, हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो माणूस सात वर्षं ओरडत होता.

"थंड पाण्याच्या," ते म्हणाले. "रसायन शिजवायच्या रिॲक्टरला गार ठेवणाऱ्या. पाणी कमी झालं की स्विच सगळं बंद करायचा. लाइन चोक झाली होती. एका पाळीत तीनदा बंद पडलं. मॅनेजर बोलला, जंपर मार, बॅच निघू दे. पयल्या दिवशी मी 'नाय' बोललो. दुसऱ्या दिवशी मारला. माज्या हातानं. पुढच्या पाळीला तुजा बाप झाकणाजवळ होता."

"कंपनीच्या कागदात लिहिलंय, बाबांनी स्वतःच झाकण उघडलं. त्यांची चूक."

"झाकण उघडलं नाय. उडालं."

आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "सात वर्सं घरी येताव तुमी. माज्या हातचं जेवताव."

"व्हय," ते म्हणाले. मान खाली होती.

तिने तांब्या जमिनीवर ठेवला आणि आत गेली. ती परत बाहेर आली नाही.

मी निघायला उठलो. वनिता म्हणाली, "थांबा." मग त्यांना म्हणाली, "मशीन चालू करून द्या."

त्यांनी सोबत आणलेला एसएमपीएस बसवला. कार्ड खोडरबराने घासून लावलं. बोर्डाच्या विजेला हात लावला नाही. शेजारी दुसऱ्या खांबावरून वीज होती; मीटरने तपासून तिथून वायर घेतली. पडदा उजळला. कार्डाला काही झालं नव्हतं. मामा कोपऱ्यात बसून कापलेल्या दोन टोकांकडे बघत होता.

वनिताने आपला नमुना बाजूला सारला आणि नवीन पान उघडलं. "सांगा," ती म्हणाली. "रिॲक्टर केवढा? पाणी कुठून आत यायचं?"

दुपारभर ते सांगत होते आणि ती काढत होती. व्हॉल्व, पाइप, स्विच, पॅनल. दोनदा तिने त्यांची चूक पकडली. "हा पाइप इथून असेल तर वळणार कुठे?" ते डोळे मिटून आठवायचे आणि दुरुस्त करायचे. शेवटी तिने लाल रंग घेतला. "जंपर कुठून कुठे?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. तिथे तिने लाल रेघ मारली आणि चित्र फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

मी ती रेघ पाहिली आणि माझी चार ओळींची बातमी आठवली. माहिती होती. ती मिळवायला एक दुपार लागत होती.

तिचा नमुना चार दिवसांत गेला, नोकरी लागली. नुकसानभरपाईचा दावा बापाच्या चुकीवर बोट ठेवून बंद झाला होता. तो तिने वकील गाठून पुन्हा उघडायला लावला, सोबत तो नकाशा जोडला. त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात पहिलं नाव स्वतःचं, दुसरं मॅनेजरचं. वकील म्हणाला, पहिलं नाव वगळा, तुम्ही अडकाल. ते त्याच्यावर भर रस्त्यात ओरडले.

मी बातमी लिहिली. वरिष्ठांनी 'आरोप' हा शब्द पाच ठिकाणी घातला आणि नकाशा छापला नाही. माझ्या जुन्या चार ओळींची दुरुस्ती मात्र मी मागून घेतली. तीही चारच ओळींत आली, आतल्या पानावर. मी ती गाळ्यावर घेऊन गेलो. त्यांनी अंक तळहातावर ठेवला, हात दोनदा वर-खाली केला.

"हलकं हाय," ते म्हणाले. पण कात्रण कापून जुन्याबरोबर ठेवलं.

सुनावणीच्या पहिल्या दोन तारखांना ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. कारखान्याच्या वकिलाने विचारलं, इतकी वर्षं गप्प का होतात? ते म्हणाले, "भ्यालो." एवढंच. वनिता मागच्या बाकावर होती. आई दोन्ही वेळा आली नाही.

तिसऱ्या तारखेला ते आले नाहीत. त्या पहाटे घरीच छातीत कळ आली होती. दवाखान्याच्या वाटेवर संपलं.

दहाव्याच्या दिवशी त्यांच्या घरी वनिता आली, आणि तिच्यामागून, डोक्यावर पदर ओढून, तिची आई. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तांदळाची पिशवी दाराशी ठेवून गेली.

गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. दावा चालू आहे; मॅनेजरने अजून साक्ष दिलेली नाही. बरणी सलूनवाल्याने सांभाळून ठेवली होती, ती मला दिली. "रोज गाली सुनता था," तो म्हणाला. "अब हाथ नहीं हिलता, पर काम में मजा नहीं." बरणी माझ्या टेबलावर असते. सगळ्यात वर मासवणची तार आहे.

मागच्या आठवड्यात वसाहतीत पुन्हा आग लागली. दोन कामगार भाजले. मी कारखान्याला फोन लावला. उचलणाऱ्याचा आवाज तरुण होता, नम्र होता.

"कारण?"

"शॉर्टसर्किट, सर."

"कुठून कुठे?"

"सॉरी?"

"कुठल्या पॅनलमध्ये? कुठल्या दोन वायरी?"

पलीकडे कुणीतरी काही पुटपुटलं. मग तो हसून म्हणाला, "अहो सर, नेहमी लिहिता तेच लिहा ना."

मी फोन ठेवला नाही. बरणी पुढे ओढली आणि पुन्हा विचारलं.